आधी कूलर लावा, भावजी

"भावजी, आकडा गेला," एवढंच वहिनी फोनवर बोलली आणि माझं टाळकं सरकलं.

"गेला म्हणजे? कुठं गेला? कुणी हात लावला?"

"कुणी न्हाई लावला. लाईट गेली हुती. आली तवा तुमी सांगितलं तसं बटण दाबलं. मशीन चालू झाली, पण आकडा येईना. लाल अक्षरं आलीत नुसती. अन कूलर बंदच हाय."

"कशालाच हात लावू नका. मी निघालो." असं म्हणून मी फोन आपटला. आपटला म्हणजे खिशात कोंबला. मोबाईल आपटायची आपली ऐपत नाही.

मे महिना होता, साडेअकरा वाजले होते. मी परभणीत एका कॉलेजात कम्प्युटर लॅबचा माणूस आहे. शिकवत नाही. पोरं जे बिघडवतात ते मी दुरुस्त करतो आणि दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसतो. त्या दिवशी साहेबांना "घरी अडचण आहे" एवढं सांगितलं, उत्तराची वाट न बघता गाडीला किक मारली आणि झरीच्या रस्त्याला लागलो. उपरणं तोंडाला गुंडाळलं तरी वारा भट्टीतून आल्यासारखा लागत होता.

अडचण काय होती ते सांगतो. आमचं गाव बोरीच्या जरा अलीकडे, फाट्यावरून आत. तिथं माझ्या थोरल्या भावाची दीड एकर तुती होती आणि घराला लागून पत्र्याची एक शेड. शेडीत रेशमाच्या अळ्या. हा सगळा कारभार वहिनीचा. भावाला त्यात काडीचा रस नव्हता. वहिनीचं माहेर मेंढरांचं. जित्राब सांभाळणं तिला नवीन नाही, आणि अळी म्हणजे तिच्या लेखी बारकं जित्राबच. कुणाच्या तरी शेडीवर जाऊन ती पंधरा दिवस सगळं बघून आली, शिकून आली, भावाच्या मागं लागून तिनं तुती लावून घेतली. पहिल्या दोन बॅचा चांगल्या निघाल्या. हिवाळ्यातली रोगानं गेली. तेव्हा भाऊ म्हणाला, "ही उन्हाळ्यातली बघू. हिचे कोष निघाले तर ऱ्हाऊ दे तुती. न्हाई निघाले तर उपटून हळद लावतो. मग मला काय सांगायचं न्हाई." आणि तो नुसता बोलून थांबला नाही, हळदीच्या बेण्याचं त्यानं एकाला सांगूनही ठेवलं होतं.

म्हणजे ही एक बॅच. ती निघाली तर वहिनीची शेड राहणार, नाही तर जाणार. अळ्या शेवटची कात टाकून उठल्या त्याला दोन दिवस झाले होते. आता सहा दिवस त्या राक्षसासारखं खाणार आणि मग कोष विणायला बसणार. याच सहा दिवसांत त्यांना गारवा लागतो. शेड तापली की अळी खाणं सोडते, आणि खाणं सोडलं की संपलं.

तर गारव्याची जिम्मेदारी मी घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं, मीच उड्या मारत घेतली होती. कॉलेजातून भंगारात निघालेला एक लॅपटॉप होता, बॅटरी मेलेला. त्यात मी लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली. अळ्यांच्या रॅकमध्ये ऊन-दमट मोजणारा एक बारका बोर्ड लटकवला, तो यूएसबीच्या वायरीनं लॅपटॉपला जोडला. बोर्ड तापमान सांगणार, लॅपटॉप ते वाचणार, आकडा वर गेला की कूलर चालू करणार आणि पत्र्यावरच्या फवाऱ्याची मोटर चालू करणार. परभणीत बसून मला मोबाईलवर आकडा दिसायचा. कॉलेजात चार लोकांना तो मी दाखवायचो. "आमच्या शेडीत आत्ता सव्वीस आहे," असं म्हणताना मला फार बरं वाटायचं.

आता त्यातली मेख ऐका. कूलरला आधी साधी पिन होती, भिंतीतल्या सॉकेटात घातली की चालू. फेब्रुवारीत मी पहिल्यांदा सगळं जोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी भावानं कूलर बंद केला. का, तर शेडीच्या ओट्यावर त्याला झोपायचं होतं आणि आवाजानं झोप लागंना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथं मी कूलरची पिन कापली, मोटरची पिन कापली, दोन्ही वायरी मशीनच्या हुकमावर चालू-बंद करणाऱ्या माझ्या पेटीत थेट घातल्या आणि पेटीला चार स्क्रू मारले. स्विच ठेवला नाही. वर कागद चिकटवला, हात लावू नये. "आता मशीन सांगंल तेव्हाच चालू आणि मशीन सांगंल तेव्हाच बंद," असं सगळ्यांसमोर छाती काढून सांगितलं. वहिनी तेव्हा म्हणाली होती, "आन मशीनच बंद पडली तर वो भावजी?" मी म्हणालो, "माझी मशीन बंद पडत नसती."

पाऊण वाजता पोचलो. शेडीच्या दारात पाय बुडवायला चुन्याचं पाणी असतं, त्यात पाय बुडवून आत गेलो. हजारो अळ्या पाला खातात तेव्हा सर्रसर्र असा आवाज बाहेरपर्यंत येतो. तो येतच नव्हता म्हणा ना, मधेच कुठंतरी थोडासा. भिंतीवर साधं तापमापक टांगलेलं होतं, त्यात चौतीस. वहिनीनं बाजूच्या जाळ्यांवर ओली बारदानं टाकली होती आणि ती वाळत चालली होती.

"आलात का? बरं झालं," ती म्हणाली. "आधी तेवढा कूलर लावा भावजी. मग काय बघायचं ते बघा."

"तेच करायलोय ना! दोन मिनिटं थांबा."

मी लॅपटॉपसमोर मांडी घातली. पडद्यावर माझ्याच प्रोग्रामची लाल ओळ होती, बोर्ड सापडत नाही. अरे सापडत नाही म्हणजे? समोर लटकतोय, लाल दिवा पेटलाय. लिनक्समध्ये असलं यंत्र जोडलं की त्याच्या नावाची एक फाईल तयार होते, टीटीवाय-यूएसबी-झिरो. ती फाईल म्हणजे दार. त्या दारातून माझा प्रोग्राम बोर्डाशी बोलतो. मी बघितलं तर ती फाईलच नाही. दार नाही तर बोलणं नाही, आणि बोलणं नाही तर कूलर नाही.

वायर काढून परत घातली. नाही. दुसऱ्या भोकात घातली. नाही. बॅगेतली दुसरी वायर लावली, कारण काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून बोलणं जात नाही. म्हटलं कुणी अदलाबदल केली असंल. नवीन वायरीनंही नाही. मग जोडलेल्या यंत्रांची यादी काढली. तर यादीत बोर्ड आहे! नावासकट, नंबरासकट आहे. म्हणजे लॅपटॉपला तो दिसतोय, पण दार उघडायला तयार नाही. माणूस अंगणात उभा आहे हे दिसतंय आणि तरी कडी काढत नाहीत, तसला प्रकार. मी लॅपटॉपला एक सणसणीत शिवी घातली. वहिनी तिथंच होती, पण त्या वेळी कसला आलाय विचार.

मग मी मोबाईलवर शोधायला लागलो आणि आणखी भडकलो. जगातल्या दीडशहाण्यांनी तिथं लिहून ठेवलेलं. एक म्हणे तुम्हाला परवानगी नसेल, अमुक गटात तुमचं नाव घाला. अरे बाबा, दारच नाही तर परवानगी कशाची? तरी घातलं. एक म्हणे ड्रायव्हर नव्यानं बसवा. बसवायला गेलो तर तो आधीपासून आहेच. एक महाभाग म्हणे, आमच्या विंडोजवर चालतं बुवा. चालतं तर घे डोक्यावर! परभणीतल्या ज्या दुकानातून बोर्ड घेतला त्याला फोन लावला. तो जेवत होता. घास चावत म्हणाला, "बोर्ड उडाला असेल. नवीन घेऊन जा."

"उडाला तर यादीत कसा दिसायलाय?"

"मग नसेल उडाला," तो म्हणाला.

तेवढ्यात मानेवर पाण्याचा थेंब पडला. वर बघितलं. पत्र्याच्या खिळ्याच्या भोकातून गळत होतं. बाहेर येऊन बघतो तर वहिनी शिडीवर. पदर खोचलेला, हातात घागर, पत्र्यावर पाणी ओतायली. खाली हौदातून घागर भरायची, शिडी चढायची, ओतायची, परत उतरायची. ऊन असं की पत्र्यावर पडलेलं पाणी वाहून खाली यायच्या आत वाळत होतं. तिच्या तळपायांना शिडीच्या पायऱ्या पोळत असणार, ती पाय बदलत होती.

आणि मी, मी काय केलं असंल? मी ओरडलो. "वहिनी! खाली मशीन आहे! पाणी गळायलंय त्याच्यावर! असलं सगळं भिजवूनच वाट लावली असंल तुमी!"

ती उतरली. घागर खाली ठेवली. आणि तिच्या त्या न बोलण्यानं मला कारण सापडल्यासारखं झालं. बॅच घ्यायच्या आधी शेड ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतात, भिंती, रॅक, जमीन, सगळीकडं फवारा मारतात. ते पाणी लोखंडसुद्धा खातं, मग यूएसबीच्या तोंडातल्या त्या केसासारख्या पट्ट्यांचं काय? मी तावातावानं आत गेलो, बोर्ड खाली काढला.

"फवारा मारला तेव्हा हे झाकलं होतं का?"

"झाकलं हुतं."

"कशानं झाकलं होतं? खोटं सांगू नका."

ती कोपऱ्यात गेली आणि पत्र्याच्या डब्यातून एक प्लास्टिकची पिशवी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. पिशवीला बाहेरून ब्लीचिंगचे पांढरे डाग होते, आतून कोरडी ठणठणीत. तोंडाला बांधायचा रबर पण तिनं त्याच पिशवीत ठेवलेला. "दोन पिशव्या घातल्या हुत्या. आन वायरीचं तोंड काढून, येगळं गुंडाळून ठेवलं हुतं," ती म्हणाली. मी बोर्डाचं तोंड उजेडात धरून बघितलं. नव्यासारखं चकचकीत. माझ्या घरच्या यंत्रांची मी तेवढी काळजी घेत नाही.

या वेळी माणसानं काय करावं? निदान "बरं" तरी म्हणावं. मी म्हणालो नाही. उलट माझा राग वाढला, कारण आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.

दोन वाजून गेले होते. तापमापकात छत्तीस. वहिनी एका रॅकपाशी वाकून बघत होती. अळ्यांनी डोकी वर धरली होती, पाल्याकडं ढुंकूनही बघत नव्हत्या. ती माझ्याजवळ आली, उकिडवी बसली आणि अगदी हळू, लहान लेकराला समजावतात तसं म्हणाली, "भावजी, मशीन नंतर बघा. कूलरची वायर तोडा की पेटीतून. तोडून सॉकेटात घाला तशीच. लाईट हाय तोवर चालू तर होईल."

तिचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. चार स्क्रू, दोन वायरी, पाच मिनिटांचं काम. बॅगेत पक्कड होती. मला आजसुद्धा ती पक्कड दिसते, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, लाल मुठीची. पण त्या वेळी माझ्या डोक्यात कूलर नव्हताच. माझ्या डोक्यात ती फाईल होती. माझं यंत्र माझ्यासमोर मला नाही म्हणत होतं आणि त्याला हो म्हणायला लावल्याशिवाय मी उठणार नव्हतो. वायर तोडली तर मी हरलो, असला काहीतरी येडपट हिशेब.

"तुला काय कळतं गं त्यातलं?" मी म्हणालो. "मधे मधे बोलू नको."

वहिनीला मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तुमी म्हणत आलो. तोंडातून निघालं आणि तिनं ते ऐकलं. ती उठली, बारदान घेतलं, हौदावर गेली. मी परत पडद्यात तोंड घातलं.

सापडलं ते पावणेतीनला. सापडायला अगदी सोपं होतं, सुरुवातीलाच बघायला पाहिजे होतं. यंत्राच्या आत काय काय घडतं त्याची लिनक्स एक नोंद ठेवतं, ओळीखाली ओळ. ती नोंद उघडी ठेवून मी वायर काढली आणि परत घातली, आणि या खेपेला पडद्यावरून नजर हलवली नाही. ओळ आली: बोर्ड जोडला, दार तयार. म्हणजे दार होत होतं! आणि लगेच, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दुसरी ओळ: दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रामनं बोर्ड ताब्यात घेतला. तिसरी ओळ: दार बंद. माझा प्रोग्राम तिथं पोचायच्या आधी कुणीतरी बोर्ड पळवत होतं.

कोण, ते नाव वाचलं. कधी ऐकलेलं नाही. शोधलं. तर तो आंधळ्या माणसांसाठीचा प्रोग्राम! उठावाचे ठिपके बोटांनी वाचतात त्या ब्रेलचं एक यंत्र असतं, ते जोडलं की त्याच्याशी बोलणारा. माझ्या बोर्डावर जी स्वस्तातली चिप होती तीच चिप तसल्या एका यंत्रात असते म्हणे, तोच नंबर. म्हणून माझा बोर्ड दिसला की त्याला वाटायचं, आला कुणीतरी वाचायला. आणि तो धावत जाऊन धरायचा.

"आयला!" मी एकटाच ओरडलो. "आमच्या शेडीत कोण आंधळं आहे रे?"

पण हा आला कुठून? फेब्रुवारीपासून तर मशीन नीट चालू होती. आणि मग आठवलं. रविवारी मी परभणीतून, घरी पंख्याखाली बसून, फोनवरच्या इंटरनेटवरून त्या लॅपटॉपवर लिनक्सचं नवीन रूप चढवलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. नवीन निघालंय म्हणून. त्याच्याबरोबर हा आला आणि गप बसून राहिला. मशीन बंद होऊन परत चालू झाली की तो जागा होणार होता. त्या दिवशी, मंगळवारी, लाईट गेली, वहिनीनं मी शिकवलं तसं बटण दाबलं, आणि तो जागा झाला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्यानं त्याचं काम केलं. वहिनीनं तिचं केलं. भर बॅचमध्ये, अळ्या कातीतून उठायच्या वेळी, यंत्रात बोट घालणारा एकटा मी होतो.

एका ओळीची आज्ञा दिली, तो प्रोग्राम काढला. वायर काढून घातली. दार आलं, आणि राहिलं. आकडा आला: सदतीस. कूलर धडधडला, वर मोटर चालू झाली, पत्र्यावर फवारे पडायला लागले. तीन वाजले होते.

"आलं!" मी ओरडलो. खरंच ओरडलो, मॅच जिंकल्यासारखा. दोन्ही हात वर केले. "वहिनी, आलं! सापडलं! काय होतं माहितंय का?"

वहिनी रॅकपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिच्या तळहातावर चार-पाच अळ्या होत्या, त्यांच्या तोंडातून हिरवट पाणी आलं होतं. ती एकेक अळी बोटानं हलवून बघत होती. एकही हलली नाही.

मी त्या रात्री तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी मेलेल्या वाढल्या, तिसऱ्या दिवशी वास सुटला. वहिनी चाळणीत मेलेल्या वेचायची, बाहेर खड्ड्यात टाकून वर चुना टाकायची आणि परत यायची. जेवढ्या उरल्या त्यांना ती वेळेवर पाला घालत होती. माझ्याशी ती नीट बोलत होती. "चहा घ्या भावजी." "आंघोळीला पाणी काढलंय." मला वाटायचं, हिनं दोन शिव्या घालाव्यात. तिनं घातल्या नाहीत.

भाऊ बेण्याच्या कामाला जिंतूरकडं गेला होता, तो तिसऱ्या दिवशी आला. शेडीच्या दारात नाक दाबून उभा राहिला. आत वहिनी होती, हातात चाळणी. मी तिच्या शेजारी. त्यानं खड्ड्याकडं बघितलं, रॅककडं बघितलं आणि मला विचारलं, "कशानं झालं रे?"

मी तोंड उघडलं. मनात सगळं तयार होतं, माझी चूक, मी नवीन रूप चढवलं, मी पिन कापली, वहिनी दोनदा म्हणाली, मी ऐकलं नाही. तोंडातून काय निघालं? "लाईट गेली दादा. मशीन बंद पडली. ऊन लय होतं त्या दिवशी."

तिन्ही गोष्टी खऱ्या. एकही खोटी म्हणता येणार नाही. भर दुपारी साऱ्या जगावर ओरडणारा मी, दुकानदारावर, त्या दीडशहाण्यांवर, शिडीवरच्या बाईवर, आणि माझ्या भावासमोर माझा आवाज एवढासा झाला.

वहिनी तिथंच उभी होती. भाऊ तिला म्हणाला, "तुला म्हणलं हुतं का न्हाई? आपल्याकडल्या उन्हात हे टिकत नसतं. खामखा नाद." मग तो हातपाय धुवायला गेला.

मे संपता संपता ट्रॅक्टर आला. मी रविवारचा म्हणून तिथं होतो. दीड एकर तुती, कमरेएवढी खोडं, साखळी लावून एकेक उपटली. दुपारपर्यंत बांधाला ढीग झाला. जूनमध्ये हळद लागली. शेडीत आता पाइपांची भेंडोळी, खताची पोती आणि भावाची बाज आहे. कूलर त्यानं ओट्यावर घेतलाय. माझा लॅपटॉप मी परत आणला, कपाटावर ठेवलाय, अजून उघडला नाही.

सांगितलं मी शेवटी. गणपतीत गावी गेलो होतो. रात्री जेवायला बसलो, भाऊ आणि मी. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. भाऊ सहज बोलला, आपल्या भागात रेशीम जमत नाही, खटपट करून उपयोग नाही, अमक्यानं पण मोडली तुती. तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. रविवारचं, पिनेचं, पत्र्यावरच्या पाण्याचं. तिला तुला काय कळतं म्हणालो ते पण सांगितलं. "ऊन आपल्याकडंच न्हाई पडलं दादा. अळ्या मी मारल्या. कूलर लावला असता तर जगल्या असत्या."

भावाचा घास हातातच राहिला. तो मला कधी फार बोलत नाही. त्या दिवशी त्याचा चेहरा लाल झाला. "अन हे तू आता सांगायलास? आता? तवाच सांगितलं असतंस तर मी कायला तुती मोडली असती रे? मला वाटलं ऊनच हाय, दरसाल असंच हुणार. मशीनची गलती हाय म्हणला असतास तर पुढची बॅच घेऊ दिली असती की मी हिला!" तो ताटावरूनच एवढ्या जोरात ओरडला की अंगणातली शेजाऱ्याची माणसं दाराशी येऊन बघून गेली. "चार महिने झाले! चार महिने मी हिला बोलायलोय!"

"मला भ्या वाटलं," मी म्हणालो.

"भ्या वाटलं म्हणं! तुला!"

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली. रविवारचं सोडलं तर तिला या सगळ्यात नवीन काहीच नव्हतं. तिनं मागं वळून बघितलं, माझ्याकडं नाही, भावाकडं.

"त्यांच्यावर कायला वरडायलात?" ती म्हणाली. "शेडीच्या दारात उभं ऱ्हाऊन तुमी इचारलंत ना, कशानं झालं? मी तिथंच हुते. चाळणी माझ्या हातात हुती, अळ्या माझ्या हुत्या. मला सगळं माहीत हुतं, कव्हा लाईट गेली, कव्हा काय झालं. तुमी इचारलं भावजीला. मला कुठं इचारलंत?"

वहिनीनं भाकरी काढली, मधोमध मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात टाकली, अर्धी माझ्या.